पेढीची बैठक आणि मनाची बैठक



आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत, असे कार्यवाहांनी सुचविले तेव्हा प्रथम मी नकारच दिला. जेमतेम मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात ज्वारी, तांदूळ व डाळींच्या पोत्यांत घालविलेला मनुष्य लेख काय लिहिणार? परंतु विषय कळल्यावर विचार बदलला. नव्या यंत्रांच्या व्यवहाराला सामोरे जाताना व्यापाऱ्याच्या मनाची बैठक कशी असावी, हा तो विषय. ह्या बाबतीत मी पुष्कळ शिकलो आहे असे नव्हे. पण एकदा चांगलाच चुकलो आहे, आणि चुकलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे काहीतरी असतेच.

बेळगावात आपल्या बाजारातील पेढ्यांवर बसले की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, “ते आपल्याला लागू नाही.” दुसरे, “ते मुलगा पाहतो.” दोन्ही वाक्ये मी वर्षानुवर्षे मोठ्या समाधानाने उच्चारीत आलो. आज मागे वळून पाहता वाटते की, व्यापारात आलेल्या मंदीने माझे जेवढे नुकसान केले नसेल, तेवढे ह्या दोन वाक्यांनी केले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजे आपण ज्याला जीएसटी म्हणतो तो, सुरू झाला. त्या वेळी कापडवाले, भांडीवाले, तेलवाले बंधू रात्र रात्र संगणकापुढे बसत होते. आम्ही धान्यवाले मात्र निश्चिंत होतो. नोंदलेली छाप नसलेल्या धान्यावर कर नव्हता, आणि आमची छाप कोठे नोंदलेली नव्हती. १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले. तेही करमुक्त धान्याला लागत नव्हते. शेजारच्या पेढीवरील मित्र त्या पडद्याशी झगडताना पाहून मी थोडा हसलोही असेन. तेल व साखरेचा आमचा जो थोडा व्यापार होता, त्यापुरते हिशेबाचे काम पाहण्यास एक हुशार मुलगा ठेवला. पासवर्ड त्याने ठरविला, मोबाईल क्रमांक त्याचाच नोंदविला, आणि मी गादीवर निवांत टेकलो.

अशी पाच वर्षे गेली. १८ जुलै २०२२ पासून नियम बदलला. छाप नोंदलेली असो वा नसो, आधी बांधलेल्या व लेबल लावलेल्या पंचवीस किलोपर्यंतच्या धान्याला पाच टक्के कर लागू झाला. वर्तमानपत्रात मी ते वाचले होते. पण ‘पाकीटबंद’ म्हणजे दुकानातील किलो-दोन किलोची पाकिटे, आपल्या घाऊक कट्ट्यांशी त्यांचा काय संबंध, अशी मी स्वतःची समजूत घातली. पंचवीस किलोचा कट्टाही त्यात धरलेला आहे, हे मी कोणास विचारलेच नाही. (पुढे बाजारात सव्वीस आणि तीस किलोचे कट्टे एकाएकी का दिसू लागले, ह्याचे कारण सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.)

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गणेशचतुर्थीच्या आधी, गोव्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे तांदळाचे दोनशे कट्टे पाठवायचे होते. हिशेबाचा मुलगा आजारी आईस भेटण्यासाठी गावी गेला होता. मी जुने बिलबुक काढले, स्वहस्ते बिल लिहिले, खाली झोकदार सही केली आणि लॉरी रवाना केली. रात्री दीड वाजता ड्रायव्हरचा फोन आला.

“मालक, कागद मागतात.”

“अरे, कागद तुझ्याजवळ दिला आहे ना?”

“तो नव्हे मालक. मोबाईलमधला.”

मी उठून बसलो. हिशेबाच्या मुलाचा फोन लागेना. मुलगा परगावी होता. मग सूनबाईंना उठविले. त्यांनी संगणक उघडला व पासवर्ड विचारला. तो मला ठाऊक नव्हता. विसरलेला पासवर्ड नव्याने मिळविण्याची सोय होती. पण त्यासाठी येणारा संदेश त्या मुलाच्या मोबाईलवर जाणार, आणि तो मोबाईल बंद. स्वतःच्या पेढीच्या दारात मी रात्री दोन वाजता परक्यासारखा उभा होतो. खरे तर लॉरी अडविल्यानंतर बिल निघाले असते तरी उपयोग नव्हता. कराच्या दुप्पट दंड, म्हणजे साडेबावीस हजार रुपये, भरून माल सोडविला. अधिकाऱ्याने कसलीही जबरदस्ती केली नाही. त्याने पुस्तकातला नियम दाखविला आणि तो नियम बरोबर होता. पैशाचे दुःख दोन दिवसांत गेले. परंतु “मालक तुम्ही आणि चावी कोणाकडे?” असे त्या रात्री सूनबाईंनी विचारले नसले, तरी त्यांच्या चेहऱ्यावर मला ते दिसले, आणि ते अजून दिसते.

त्या प्रसंगानंतर मला वारंवार कै. वडिलांची आठवण येऊ लागली. आपण समजतो की सगळी उलथापालथ आपल्याच वाट्याला आली. त्यांच्या वाट्याला काय थोडी आली होती? १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै गेले व नवे पैसे आले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅमची वजने येऊ लागली आणि १९६२ साली ती सक्तीची झाली. मण, शेर, पायली, मापटे, चिपटे ह्यांत ज्याचा जन्म गेला, त्याने चाळिशीच्या सुमारास एकदम दशमान पद्धतीचा हिशेब मांडावयाचा! त्यातून गावोगावचा शेर निराळा. सरकारी कोष्टकाप्रमाणे ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. परंतु शेतकऱ्याच्या मनातील शेर त्या कोष्टकात कोठे होता?

आई सांगे की, वडिलांनी नव्या वजनांचा एक संच पेढीवर मांडण्यापूर्वी महिनाभर घरी आणून ठेवला होता. रात्री जेवण झाल्यावर ते एकेक वजन हातात घेऊन तोलून पाहात. डोळे मिटून घेत आणि आईस सांगत, “कोणतेही एक हातावर ठेव.” हाताला किलो कळू लागल्यानंतरच त्यांनी ती वजने बाजारात नेली. माझ्या थोरल्या बंधूंचे शाळेचे गणिताचे पुस्तक ते उघडपणे पेढीवर घेऊन बसत. गिऱ्हाइकासमोर मुलाला हाक मारून “बाळ, हे दशांश चिन्ह कोठे द्यायचे?” असे विचारताना त्यांना कमीपणा वाटत नसे.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, तिला मी फार मोठी मानतो. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सुटा पाव पैसा द्यायचा कोठून? बाजारात कित्येकांनी सरळ सात पैसे घेण्यास सुरुवात केली. सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा पैसे होते आणि आमच्या किरकोळ गल्ल्यावर सहाच घेतले जात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. देताना कमी मापाने आणि घेताना अधिक मापाने व्यवहार करणे, असा त्याचा अर्थ. वडील म्हणत की, माप बदलण्याचा काळ हाच ह्या दोषाचा खरा हंगाम असतो, कारण त्या वेळी गिऱ्हाइकास हिशेब कळत नसतो. नवा व्यवहार ज्याला कळतो आणि ज्याला कळत नाही, त्यांच्यामध्ये आजही तशीच एक फट आहे. त्या फटीत हात घालून कमावणारे पुष्कळ निघाले आहेत.

त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य वाटते. २०१६ साली यूपीआय आले आणि आज आपल्या हमालाच्या चहापासून लॉरीच्या भाड्यापर्यंत सर्व व्यवहार मोबाईलवर चालतो. सोय मोठी आहे. सुट्या पैशांची कटकट गेली. परंतु पैसे पाठविल्याचे चित्र मोबाईलच्या पडद्यावर दाखवून डाळीची पोती घेऊन जाणारा ठक हा आता कल्पनेतला राहिलेला नाही. ते चित्र बनावट असू शकते. जुन्या भाषेत ह्यालाच कूटलेख म्हणतात. पूर्वी हुंडी आली की आपण अक्षर पाहात होतो, सही पाहात होतो, आणि तरीही पलीकडच्या पेढीकडून खात्री करून घेत होतो. मग मोबाईलवरचे चित्र पाहूनच माल का सोडावा? आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम जमा झालेली आपण स्वतः पाहावी, मगच हमालास खूण करावी. दुसरे असे की, पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. “पैसे पाठवतो, पिन टाका” असे जो सांगतो, तो पैसे नेण्यासाठी आलेला आहे. आणि फसवणूक झालीच, तर लाजेने घरात बसू नये. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात. आपल्या समाजात अब्रूच्या भीतीने माणसे अशा गोष्टी बायकोपासूनही लपवितात, आणि ठकाला हवा असतो तो अवधी त्याला आयता मिळतो.

आता माझ्या शिक्षणाकडे वळतो. त्या रात्रीनंतर मी सूनबाईंना म्हणालो, “मला हे शिकवाल काय?” त्या बी.कॉम. झालेल्या, पण घरात आल्यापासून पेढीच्या कामाविषयी त्यांना कोणी काही विचारले नव्हते, हेही येथे कबूल करतो. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, असा पाठ सुरू झाला. पहिले आठ दिवस मी बटणावर बोट नेऊन थांबत असे. काही बिघडेल, काही पुसले जाईल, अशी धास्ती. तेव्हा त्यांनी मला जे सांगितले, ते मी आजवर ऐकलेल्या व्याख्यानांपेक्षा मोलाचे मानतो. त्या म्हणाल्या, “मामंजी, बहुतेक बटणे दाबून काही मोडत नाही, मागे फिरता येते. जेथून मागे फिरता येत नाही अशा जागा थोड्या आहेत. तेवढ्या ओळखून ठेवा. तेथे थांबा आणि दोनदा वाचा. बाकी ठिकाणी खुशाल चुका.”

हे ऐकल्यावर मी एक वही केली. डावीकडे मागे फिरता येण्याजोगी कामे, उजवीकडे न फिरता येण्याजोगी. ई-वे बिल चुकले तर, वाटेत तपासणी झाली नसेल तर, चोवीस तासांच्या आत रद्द करता येते, ते डावीकडे. ज्यांना ई-इन्व्हॉइस करावे लागते, त्यांना तेही चोवीस तासांत रद्द करता येते; तेही डावीकडे. बिलाचा मसुदा, मालाची यादी, दरपत्रक, ही सारी डावीकडे. उजवीकडे पहिले नाव यूपीआयने पाठविलेल्या रकमेचे. ती दुसऱ्याच्या खात्यात गेली की परत आणण्याचे बटण नाही. दुसरे, मासिक ३-बी विवरणपत्र. ते दाखल केले की बदलता येत नाही. चूक पुढच्या महिन्यात निस्तरावी लागते. तिसरे, कोणास सांगितलेला ओटीपी. चौथे, मार्केट यार्डातील ऑनलाइन टेंडरमध्ये वेळ संपेपर्यंत न सुधारलेला दर. वहीचे उजवे पान अजून अर्धेही भरलेले नाही. एवढ्या थोड्या जागांच्या भीतीने मी पाच वर्षे संपूर्ण घराबाहेर उभा होतो!

आणि खरे पाहता हा विचार आपल्याला नवा नाही. रोजकीर्दीत लिहिलेली ओळ आपण कधी खोडत नव्हतो. चूक झाली तर उलट जमाखर्च करीत होतो. कोणती चूक उलटविता येते आणि कोणती येत नाही, हे आपल्या दिवाणजींना मुखोद्गत असे.

टेंडरचा उल्लेख आला म्हणून एक आठवण. वडील सांगत की त्यांच्या तरुणपणी सौदे रुमालाखाली होत. अडत्या व खरेदीदार यांची बोटे रुमालाखाली बोलत, आणि ज्याचा माल, तो शेतकरी बाजूस उभा राहून दोघांचे चेहरे पाहात असे. पुढे नियंत्रित बाजारात उघड लिलाव आले. कर्नाटकात २०१४ पासून बाजार समित्या एका ऑनलाइन व्यवस्थेत जोडल्या जाऊ लागल्या, आणि केंद्राची ई-नाम योजना १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. आमच्यातील काही जण म्हणतात, यंत्राने सौद्यातील माणुसकी गेली. मला हे पटत नाही. पडद्यावर भरलेला दरसुद्धा वेळ संपेपर्यंत इतरांना दिसत नाही. म्हणजे रुमाल आहेच. फरक इतकाच की रुमाल काढल्यावर आतील बोटांचा कागद शिल्लक राहतो, आणि तो शेतकऱ्यासही पाहता येतो. ज्याला ह्यात अडचण वाटते, त्याने आपल्या अडचणीचे कारण स्वतःशी तपासावे.

तथापि, यंत्र म्हणते ते ब्रह्मवाक्य, असे मानणाऱ्या तरुण मंडळींनाही दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. ओलावा मोजण्याचे यंत्र बारा टक्के दाखविते, ते खरेच असते. पण ते ज्या मूठभर दाण्यांत बसविले त्यांच्यापुरते. पोत्याच्या तळाचा कुबट वास त्यात येत नाही. व्हॉट्सअपवर सकाळी आलेला तुरीचा दर कोणी, कशासाठी पाठविला, हे तपासल्यावाचून खरेदी करणारे मी पाहिले आहेत. अलीकडे आमचा नातू मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारतो आणि ती शुद्ध मराठीत उत्तर देते. मी मुद्दाम तिला कट्ट्यांच्या कराविषयी विचारले. उत्तर इतके ऐटदार होते की क्षणभर मीच साशंक झालो. परंतु पंचवीस किलोच्या कट्ट्याबाबत तिने नेमकी मी केली होती तीच चूक केली. नातू म्हणाला, “आजोबा, आता काय करायचे?” मी म्हटले, “नवा दिवाणजी अक्षराने सुरेख आहे. सहा महिने त्याच्या प्रत्येक बेरजेवर खूण करून पाहू.” नोकरीवर ठेवावयाचे नाही असे मी म्हटले नाही, हे लक्षात घ्यावे. पत्रे लिहिण्यास व लांबलचक परिपत्रकाचा मुद्दा काढून देण्यास तो दिवाणजी मला उपयोगी पडतो आहे. तरीही मूळ परिपत्रक उघडून पाहिल्यावाचून मी सही करीत नाही.

घरातील एका पेटीत आजोबांच्या खातेवह्या आहेत. सर्व मोडीत. कागद अभंग, शाई काळीभोर. पण आमच्या घरात त्या वाचणारा कोणी उरला नाही. त्याच पेटीत मुलाने २००३ सालच्या हिशेबाच्या काही फ्लॉपी ठेवल्या आहेत. त्या घालावयास यंत्र उरले नाही. शंभर वर्षांत जे मोडीचे झाले, ते वीस वर्षांत फ्लॉपीचे झाले. म्हणून दरवर्षी मार्चअखेर हिशेबाची एक प्रत कागदावर छापून, शिवून, सही करून ठेवण्याची पद्धत मी सुरू केली आहे. मुलगा हसतो. हसो.

संघाकडे माझे एक मागणे आहे. आपण दरवर्षी सत्कार करतो, स्नेहभोजन करतो, स्मरणिका काढतो. हे सर्व चांगलेच आहे. त्याबरोबर पन्नाशी उलटलेल्या सभासदांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ संघाच्या सभागृहात वर्ग भरवावा. बाहेरचे तज्ज्ञ आणू नयेत. आपल्याच घरांतील मुली व सुना शिकवतील, कारण त्यांना आपले प्रश्नही ठाऊक आहेत आणि आपले स्वभावही. विद्यार्थ्याने आपलाच मोबाईल व आपल्याच पेढीचा व्यवहार घेऊन यावे. पेढीच्या कोणत्या खात्याला कोणता मोबाईल क्रमांक जोडलेला आहे, एवढी एकच यादी प्रत्येकाने पहिल्या दिवशी करून आणावी. मी पैजेवर सांगतो, निम्म्या सभासदांना ती करता येणार नाही. आणि ज्यांना येणार नाही, त्यांना रात्री दीड वाजता फोन येण्याची शक्यता आहे. एकमेकांसमोर चुकण्याचा संकोच हाच आपल्या वयाच्या माणसांचा मोठा अडसर आहे. तो घरी मुलासमोर सुटत नाही. बरोबरीचे दहा जण चुकताना पाहिले म्हणजे सुटतो.

हिशेबाचा तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे व त्याचा पगार वाढविला आहे. दोष त्याचा नव्हता. नोंदलेला मोबाईल क्रमांक मात्र आता माझा आहे, आणि दुसरा सूनबाईंचा.

गेल्या दीपावलीस वहीपूजनाच्या वेळी नव्या खातेवहीशेजारी संगणकही मांडला. पूजा झाल्यावर वर्षाची पहिली नोंद नेहमीप्रमाणे मीच करावी असे ठरले. वहीत ती मी एका मिनिटात केली. संगणकावर करण्यास अकरा मिनिटे लागली. सगळे कुटुंब पाठीशी उभे होते, कोणी बोलले नाही. तारखेच्या रकान्यात चूक झाली होती. ती सूनबाईंनी बोटाने दाखविली व मी दुरुस्त केली.